बुजऱ्या घोडीचे खूर : पाय हातात येईपर्यंतच्या नोंदी

४ जानेवारी

घोडी कुमैत (गडद तांबूस, आयाळ-शेपूट काळी), मारवाडी वळणाची, दातांवरून सातेक वर्षांची. डिसेंबरात सारंगखेड्याच्या जत्रेतून आलेली, त्याआधी वरातीत नाचणारी. जागा जुन्नर तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यातली वस्ती. तक्रार एकच, पण मोठी : पायाला हात लावू देत नाही. पुढच्या पायाकडे हात गेला की पाय आपटते. मागे नुसतं वळलं तरी लाथ. जुने नाल अजून पायात, खिळे सैल, खुरांची टोकं चपलेसारखी पुढे आलेली.

ठरवलेलं काम : नालबंदाने चारही खूर तासावेत आणि घोडी तेव्हा ढिल्या मोरखीवर (लगामाशिवाय डोक्याला बांधायच्या दोरीवर) उभी असावी. पाय बांधणं, ओठाला दोरीचा पिळा, मार, यातलं काही नको. अंदाज सहा आठवडे. (नंतरची भर : साडेचौदा लागले.)

वजनाचा काटा नाही, म्हणून शिंप्याची टेप. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १६५ सेमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंत लांबी १५० सेमी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. आलं ३४४ किलो. औषधाची मात्रा आणि चारा यांसाठी हा आकडा लागतोच. अंगावरून अंदाज करणारा माणूस पन्नास किलोने सहज चुकतो.

८ जानेवारी

शिकवणं सुरू करण्याआधी डॉक्टर. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ. दुखतंय म्हणून पाय न देणाऱ्या जनावराला कितीही गाजरं चारली तरी दुखणं तिथंच राहतं.

सापडलं ते असं. वरच्या दाढांना बाहेरून धार आलेली, गालाच्या आत जखमा. जिभेच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात जुने व्रण, म्हणजे काटेरी लगाम. १९६५ च्या भारवाहू जनावरांच्या नियमांत अशा लगामाला मनाई आहे, बाजारात मात्र तो अजून टांगलेला दिसतो. मागच्या डाव्या खुरात तळव्याच्या मधला मऊ त्रिकोणी भाग सडलेला, काळा स्राव, नाक फिरवावं असा वास. पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्यांवर (गुडघ्याखालच्या हाडांवर) केस गेलेले आडवे पट्टे. नाचाची घोडी तयार करताना बऱ्याच ठिकाणी दोन खांबांमध्ये बांधून पायांवर छडीचे टोले देतात. पट्टे त्याच उंचीवर आहेत.

खूर इतके वाढले होते की शिकवून होईपर्यंत थांबणं बरं नव्हतं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या गुंगीचं इंजेक्शन दिलं, दाढा घासल्या, नालबंदाने नाल काढून खूर तासले. धनुर्वाताची लस त्याच दिवशी. गुंगीतली घोडी लाथ मारत नाही असं समजू नये. मान खाली टाकून उभी होती आणि तरी डाव्या मागच्या पायाने एकदा सपकन मारलंच. गुंगीत ती इशारा देत नाही, एवढाच फरक.

यातून एक नवं देणं अंगावर आलं : सुईची भीती. ते काम वेगळं, नंतर.

डॉक्टर (गुंगी, दाढा, लस धरून) ३,२०० रुपये, नालबंद १,००० रुपये.

११ जानेवारी

मांडणी. तबेल्यालगत १२ बाय १५ फुटांचा कप्पा, छातीच्या उंचीवर लोखंडी पाइपचा एकच आडवा दांडा. खर्च २,४००. पहिले काही आठवडे माणूस दांड्याच्या अलीकडे, घोडी पलीकडे आणि मोकळी. तिला जायचं असेल तर जाता यावं, म्हणून दोरी नाही. खाली दोन रबरी चटया, ४,२०० रुपये. चटया चैनीच्या वाटतात, पण तीन पायांवर उभं राहायला शिकवायचं तर खालची जमीन घसरती चालत नाही. शेजारी शेळी बांधलेली, कारण एकटी पडली की घोडी खिंकाळत राहते आणि काम शून्य होतं.

वेळ सकाळी साडेसहा, चारा खाऊन झाल्यावर. उपाशी घोडी जास्त मन लावून शिकेल हा हिशेब घोड्याला लागू नाही. त्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, रिकाम्या पोटाने व्रण होतात, आणि भुकेलेली घोडी खाऊवर तुटून पडते.

एका वेळेस २० तुकडे मोजून घ्यायचे. तुकडे संपले की काम संपलं. शेवटी मूठभर लसूणघास (हिरवा चारा) जमिनीवर पसरून माणसाने निघून जायचं.

वहीत रकाने : दहापैकी किती जमलं, वारा आणि आवाज, कुशीवर मोजलेला श्वास (शांत असताना मिनिटाला ८ ते १६), आणि खाऊ कसा घेतला, ओठांनी की दातांनी. शेवटचा रकाना सहज जाता जाता घातला. सगळ्यात उपयोगी तोच ठरला, आणि तोच महिनाभर कुणी वाचला नाही.

१३ जानेवारी

पहिली चूक तासाभरात. बक्षिसाआधीची खूण (हे बरोबर, आता खाऊ, असं सांगणारा आवाज) म्हणून जिभेने ‘टक्’ करायचं ठरलं. फुकट, हात मोकळे. पण आपल्याकडे टांग्यापासून वरातीपर्यंत जिभेचा टक् म्हणजे ‘चल’. घोडी प्रत्येक टक्‌ला दोन पावलं पुढे आणि छाती दांड्यावर. तिचं काही चुकलेलं नाही, तिला हेच शिकवलंय.

बदल : प्लॅस्टिकचा क्लिकर (दाबला की वाजणारी छोटी डबी), १२० रुपये. त्याचा आवाज टोकदार, पहिल्याच दाबाला ती मागे उडाली. क्लिकरवर चिकटपट्टीचे तीन थर लावले आणि तो स्वेटरच्या खिशात ठेवून दाबला. आवाज मवाळ झाला. पंधरा वेळा आवाज, लगेच खाऊ. सोळाव्या वेळी आवाजाबरोबर कान पुढे आले, म्हणजे अर्थ कळला.

१४ जानेवारी

संक्रांत. पतंग, गच्च्यांवर स्पीकर. काम बंद.

१६ जानेवारी

खाऊचा प्रश्न. मोतदाराच्या (घोडीची देखभाल करणाऱ्या गड्याच्या) सांगण्यावरून गूळ घेतला होता. तीन दिवसांत घोडी खिसे हुंगायला लागली, आज बाही दातांत धरली. गूळ बंद. गोडाचा अतिरेक खुरांच्या आतल्या सुजेलाही निमंत्रण. भिजवलेले हरभरे हातातून सांडतात, मग ती जमीन चाटत बसते. शेवटी ठरलं ते गाजर, उभ्या पातळ फोडी करून. गोल चकत्या करू नयेत, घशात अडकतात. दिवसाला ३५० ग्रॅम पुरतात.

देण्याची पद्धतही बदलली. पिशवी कमरेमागे. आवाज झाल्यावरच हात पिशवीत जाणार, आधी नाही. हात पूर्ण लांब करून खाऊ तिच्या छातीसमोर, म्हणजे तोंड माणसापासून लांब राहतं. तळहात सपाट. मान समोर सरळ ठेवली की आवाज, खिशाकडे वळवली की काहीच नाही. ओरडणं नाही, नाकावर चापट नाही. दुसऱ्या दिवशी हुंगणं आधी वाढलं. आधी जे चाललं ते बंद पडलं की जनावर तेच जोर लावून करून बघतं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. चौथ्या दिवशी संपलं.

१९ जानेवारी

नाक लावायची खूण. बांबूच्या टोकाला रिकामी बाटली बांधली. बांबू दिसताच घोडी कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ आत, शेपूट घट्ट दाबलेली. छडीचा इतिहास नळ्यांवर लिहिलेला असताना हे आधी सुचायला हवं होतं.

बदल : डब्याचं पिवळं झाकण दांड्यालाच तारेने बांधलं. काठी नाही, हात नाही. झाकणाकडे पाहिलं, आवाज. मान वळवली, आवाज. नाक टेकवलं, आवाज आणि तीन फोडी. सहा मिनिटांत ती स्वतःहून झाकण शोधायला लागली.

बांबूचं काम समांतर सुरू ठेवलं. रोज चारा खाताना बांबू १५ फुटांवर नुसता जमिनीवर पडलेला, दर दिवशी एक-दीड फूट जवळ. नवव्या दिवशी तिने तो हुंगला आणि ओलांडला. पुढे मागच्या पायांसाठी काठी लागणारच होती.

२३ जानेवारी

करार ठरला. नाक झाकणाला टेकलेलं असेल तर हात चालू. नाक सुटलं की हात तत्काळ बाजूला. ‘नको’ म्हणायचा मार्ग लाथेपेक्षा स्वस्त करून दिला, एवढंच.

सुरुवात पायाला नाही. आयाळ संपते त्या उंचवट्याजवळ बोटांनी खाजवणं, घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. मग खांदा. मग खांद्यापासून कोपरापर्यंत एक सलग हात आणि परत. थोपटायचं नाही. थोपटणं माणसाला प्रेमळ वाटतं, हिला मात्र तो छोटा टोला वाटतो.

२५ ते ३१ जानेवारी

आकडे झकास. २५ ला कोपर १०/९. २७ ला गुडघा १०/९. २९ ला नळी १०/८. ३१ ला घोटा १०/९. दहापैकी आठ जमलं की पुढची पायरी, हा नियम पाळला. सकाळच्या जोडीला संध्याकाळचं सत्रही सुरू केलं.

(नंतरची भर. याच दिवसांचा खाऊचा रकाना : २५ ओठ, २७ दात, २८ दात, २९ दात, ३० हात ओढला, ३१ दात. श्वास १८, २०, २२. हे लिहिलं आणि पान उलटलं.)

४ फेब्रुवारी

पुढचा उजवा पाय उचलला. जमीन सोडून बोटभर. दोन सेकंद. मग पाच.

१० फेब्रुवारी

पुढचे दोन्ही पाय दहा सेकंद. मागच्या पायांना घोट्यापर्यंत हात. घोडी पुतळ्यासारखी उभी. हाच शब्द वहीत कौतुकाने लिहिलेला आहे.

१६ फेब्रुवारी

नालबंदचाचा आले. सकाळी नऊला. वही सांगत होती तयार आहे.

चाळीस सेकंद टिकली. चाचांनी पुढचा डावा पाय गुडघ्यांत धरला, कानशीचा पहिला घाव बसला आणि ती सरळ वर. मोरखीची दोरी हातात होती, गुंडाळलेली नव्हती, म्हणून बोटं वाचली. खाली येताना मागची लाथ अवजारांच्या पेटीला, दुसरी दांड्याला. दांड्याचा खांब वाकला, दुरुस्ती १,१५०. माणसांना काही झालं नाही. चाचांचे परत जायचे ५०० दिले.

चाचा म्हणाले, “दोरी लावा, पाच मिनिटांत उरकतो.” उरकलं असतंही. आणि पुढच्या वेळी चार माणसं लागली असती.

काय काय एकदम पुढ्यात टाकलं त्याची यादी त्याच दुपारी केली : अनोळखी माणूस, चामड्याचा पट्टा, कानशीचा आवाज, पाय दोन्ही गुडघ्यांत अडकवून धरणं, जे आम्ही एकदाही केलं नव्हतं, शिवजयंती तीन दिवसांवर असल्याने गावात ढोलताशाचा सराव, मध्ये दांडा नाही, झाकण नाही, म्हणजे ‘नको’ म्हणायची सोयच काढून घेतलेली. यातली कुठलीही एक गोष्ट तिने सोसली असती. सहा एकावर एक रचल्या.

१८ फेब्रुवारी

वही मागून पुढे वाचली. २७ जानेवारीपासून घोडी शांत नव्हती, गोठलेली होती. दोघींत बाहेरून फरक कमी, पण दिसतो. शांत घोडीचा खालचा ओठ सैल, कान आळीपाळीने फिरते, पापणी लवते, अधूनमधून एक मागचा पाय ढिला. गोठलेलीची हनुवटी आक्रसलेली, कान एका जागी, पापणी लवत नाही, चारही पायांवर सारखं वजन, खाऊ दातांनी ओढलेला. नाचाच्या शिकवणीत हालचाल केली की टोला, तेव्हा न हलणं ती शिकूनच आली होती. आणि आम्ही त्याच न हलण्याला दहापैकी नऊ दिले.

नियम बदलला. जमलं हे तेव्हाच लिहायचं, जेव्हा पुढचा तुकडा ओठांनी घेतला आणि श्वास १६ च्या आत आहे. शिवाय ‘नको’ किती वेळा म्हणाली त्याचा नवा रकाना. शून्य आलं तर संशय घ्यायचा.

संध्याकाळचं सत्र बंद.

१९ ते २३ फेब्रुवारी

काम नाही. नुसता चारा, खरारा, आणि तेही ती उभी राहील तिथवरच.

२४ फेब्रुवारी

परत खांद्यापासून. नव्या नियमाने पहिल्या दिवशी दहापैकी तीन. ‘नको’ पाच वेळा. हे खरे आकडे.

१ मार्च

कोपर आठ. गुडघा सहा. एक सुधारणा फार उपयोगी पडली : हात वर-खाली फिरवण्याऐवजी आधी ठेवून द्यायचा आणि ती सैल पडण्याची वाट बघायची. ओठ सैल पडला की आवाज आणि हात काढून खाऊ. म्हणजे बक्षीस स्पर्श सोसण्याला नाही, सैल पडण्याला. सोसलं ते मोजायचं नाही, हे समजायला आम्हाला दोन महिने गेले.

२ मार्च

चाचा आले, पण कामाला नाही. दांड्यापासून दहा फुटांवर उलट्या बादलीवर बसले, चहा घेतला, जाताना झाकणाजवळ गाजर ठेवून गेले. अशा तीन फेऱ्या ठरवल्या, प्रत्येकी ३००. पहिल्यांदा हसले. जाताना पुढच्या खुरांवर खडूने खुणा करून दाखवल्या, टोकाकडून कुठे आणि किती घासायचं ते. खुरांना सहा आठवड्यांहून जास्त सोडता येत नाही, म्हणून रोज थोडं थोडं आम्हीच घासायचं असं ठरलं.

५ मार्च

घोट्याला हात आठ, ओठांनी. पाय उचलणं अजून नाही. त्याऐवजी वजन दुसऱ्या पायावर टाकलं की आवाज. वजन गेलं की पाय आपोआप हलका होतो. आधी आम्ही नळी चिमटीत दाबून पाय मागत होतो, ती सवय सोडली.

६ मार्च

रात्री ओढ्याकाठी बिबट्याचे ठसे. शेळी आत घेतली. घोडीचा श्वास सकाळी २६, चारा अर्धा उरलेला. तीन दिवस फक्त झाकणाला नाक, पाच तुकडे, बस्स. जुन्नरकडे हे धरूनच चालायला हवं. उसाची तोड सुरू असते तेव्हा जास्त.

११ मार्च

कालपासून पुन्हा घसरण. कुशीला हात लागताच किंचाळते, शेपूट उचलते, सारखी लघवी. घोडी माजावर. वही चाळली : २७ जानेवारी, १७ फेब्रुवारी, १० मार्च. बरोबर एकवीस दिवसांचं अंतर. म्हणजे चाचांना बोलावलं ते माज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. पहिल्या महिन्यात कॅलेंडरवर खूण केली असती तर १,६५० रुपये वाचले असते. माजाचे पाच-सहा दिवस मागच्या पायांचं काम बंद, फक्त पुढचं.

१५ मार्च

धुळवडीचा गोंधळ उरकला. पुढचा उजवा पाय उचलून एक सेकंद. एकच. आधीची चूक अशी होती की ती ओढेपर्यंत पाय धरून ठेवायचा. ओढल्यावर सोडला तर ओढणं शिकते, न सोडला तर भांडण. वाट तिसरीच : ओढायच्या आत खाली ठेवायचा. सोडून द्यायचा नाही, हाताने जमिनीला टेकवायचा. पाय दाणकन पडला की पुढच्या वेळी ती धास्तावते.

वेळ वाढवताना चढण सरळ ठेवली नाही. १, ३, २, ५, १, ४, ८, २ असं. सतत वाढत गेलं की जनावराला कळतं की पुढचं अवघडच येणार.

१८ मार्च

गोणपाटाचा पट्टा शिवून मोतदाराने कमरेला बांधला. दोन दिवस फक्त तो बांधून चारा घातला. मग पट्टा असताना खांदा, मग पाय. कानस वेगळी : आधी वीस फुटांवर विटेवर घासून आवाज, प्रत्येक आवाजानंतर खाऊ. दहा फूट. पाच. मग खुराला न घासता नुसती टेकवली. मग एक घाव.

२२ मार्च

पुढच्या दोन्ही खुरांना रोज पाच-पाच घाव. घोडीचा ओठ सैल. चाचांची दुसरी फेरी. या वेळी त्यांच्या हातून गाजर खाल्लं.

२४ मार्च

मागचे पाय. चार फुटी बांबूच्या टोकाला कापूस भरलेला हातमोजा. बांबू आता परका नाही, जानेवारीतले नऊ दिवस इथे फळले. माणूस खांद्याशी, तोंड शेपटीकडे, एक हात पाठीवर. मोजा पुठ्ठ्यावरून मांडीवर, तिथून खाली. लाथ आली तर मोज्याला. दोनदा आली. मोजा हलवला नाही, तिथंच राहू दिला, पाय टेकला आणि सैल पडला तेव्हा काढला.

ठीक मागे कधीच उभं राहायचं नाही. शेपटीमागे आणि कपाळासमोर घोड्याला दिसत नाही, तिथून येणारा हात तिच्या लेखी अचानकच येतो.

२७ मार्च

माशा. साडेसातनंतर पाय आपटणं थांबत नाही आणि कोणतं आपटणं ‘नको’चं, कोणतं माशीचं, ते कळेना. वेळ सहावर आणली, शेण रोज दोनदा उचलायला लागलो. वहीतले दोन दिवस खोडले.

२९ मार्च

हाताने मागचा उजवा, तीन सेकंद. डावा ओढत होती. डाव्या खुरातली सड केव्हाच सुकलेली, मग का? व्हिडिओ काढून पाहिला. उजवा उचलताना माणूस अंगाशी, पाय खुब्याच्या सरळ खाली. डावा उचलताना माणूस अर्धा फूट लांब आणि पाय बाहेर ताणला जात होता. पाय खाली आणि आतच ठेवला, घोट्यापासून फार तर फूटभर वर. त्याच दिवशी दोन सेकंद मिळाले. खोडी घोडीची नव्हती, उभं राहण्याची होती.

३१ मार्च ते ५ एप्रिल

माज, कॅलेंडरप्रमाणे. आदल्या दिवशी, ३० ला, पाडवा होता, फटाके वाजले. फक्त पुढचे पाय, पाच-पाच घाव. ४ ला चाचांची तिसरी फेरी, पुढचा पाय त्यांच्या हातात तीन सेकंद.

७ एप्रिल

तारीख नक्की केली : ९, सकाळी सव्वासहा. १४ ला आंबेडकर जयंती, मिरवणुकीचे स्पीकर दोन-तीन दिवस आधी येतात, म्हणून त्याच्या पुरेसं अलीकडे.

आतापर्यंतचा खर्च. डॉक्टर ३,२००. नालबंद १,००० अधिक ५०० अधिक तीन फेऱ्यांचे ९००. दांडा २,४००, त्याची दुरुस्ती १,१५०. चटया ४,२००. क्लिकर दोन, २४० (एक घोडीने चावला). गाजर आणि लसूणघास २,६००. उद्या-परवाचे चाचांचे १,००० धरून एकूण १७,१९०. वेळेचा खर्च यात नाही : रोज वीस मिनिटं, आणि त्यातली सात मिनिटंच शिकवण्याची, बाकी फोडी करणं, वही, शेळी सोडणं-बांधणं.

९ एप्रिल

चाचा सहाला आले. आधी दहा मिनिटं बादलीवर. पट्टा त्यांनी घोडीसमोर बांधला. झाकण या वेळी जागेवर, दांडाही. मोतदार मोरखीशी, दोरी ढिली, फक्त खाऊ देण्यापुरता.

पुढचा उजवा : दहा सेकंद, खाली, खाऊ, वीस, खाली, पंधरा, खाली. रोज घासल्यामुळे काम थोडंच उरलेलं. पुढचा डावा तसाच. ‘नको’ दोनदा, दोन्ही वेळा चाचांनी पाय टेकवला आणि मागे सरकले. न सांगता.

मागचा उजवा : पाच खेपा. तिसऱ्या खेपेला कानस बाजूला ठेवून रापी घेतली तेव्हा कान मागे, श्वास २०. थांबलो, लसूणघास, चार मिनिटं. मग दोन खेपा.

मागचा डावा : एकदा उचलला, सात सेकंद, कडा घासली. दुसऱ्यांदा नाक झाकणावरून काढलं आणि परत ठेवलं नाही. तिथंच सोडलं. चाचा म्हणाले, “राहू दे, आठवड्याने येतो.”

एकूण ५० मिनिटं. साडेतीन खूर.

१६ एप्रिल

मागचा डावा, उरलेला. तीन खेपा, बारा मिनिटं. खाऊ ओठांनी. चाचांनी पैसे घेतले नाहीत, गाजरं घेऊन गेले, त्यांच्याकडच्या एका खेचरासाठी.

तासायची पुढची तारीख २१ मे. १२ मेपासूनचा माज तोवर संपलेला असेल. नाल ठोकायचे की खूर मोकळेच ठेवायचे ते तेव्हा बघू. खिळ्यावरच्या हातोडीचा आवाज सध्या वीस फुटांवर आहे.